कांजिण्यांतली अंघोळ

थंडी ओसरून उन्हं तापायला लागली, की दवाखान्यांत कांजिण्यांची पोरं दिसायला लागतात. माघ-फाल्गुनापासून वैशाखापर्यंत हे चालतं आणि शाळेच्या परीक्षाही नेमक्या तेव्हाच येतात. मी सातारा जिल्ह्यात परिचारिका म्हणून नोकरी केली. आधी मुलांच्या वॉर्डात, पुढे खेड्यांतल्या आरोग्य केंद्रांत. या दुखण्यात पोराला सगळ्यांत जास्त काय छळतं, असं कुणी विचारलं तर मी ताप म्हणणार नाही. ताप औषधानं उतरतो. छळते ती खाज. आणि घरोघरी तिच्यासाठीच सगळ्यांत कमी केलं जातं. ‘हात लावू नकोस’, ‘खाजवलंस तर डाग राहतील’, एवढंच पोराच्या कानांवर दिवसभर पडत राहतं. चार वर्षांच्या जीवाच्या अंगाची आग होत असताना त्याला नुसतं दटावून कसं थांबवणार?

ही खाज किरकोळ नाही. कांजिण्यांचा विषाणू हवेतून पसरतो. लागण झाल्यापासून पुरळ दिसेपर्यंत 10 ते 21 दिवस जातात. आधी पोटावर, छातीवर, पाठीवर लाल ठिपके येतात. काही तासांत ते वर उचलले जातात, पाणी धरतात, मग गढूळ होऊन सुकतात आणि त्यावर खपली धरते. तोवर पुढची खेप उगवलेली असते. तीन-चार दिवस अशा खेपा येत राहतात, म्हणून एकाच पाठीवर ताजा ठिपका, पाण्याचा फोड आणि खपली शेजारी शेजारी दिसतात. लस न घेतलेल्या मुलाच्या अंगावर साधारण 250 ते 500 फोड येतात. केसांत येतात, पापण्यांवर येतात, तोंडात आणि लघवीच्या जागीही येतात. फोड पाणी धरतात तेव्हा खाज सगळ्यांत जास्त असते.

विषाणूशी शरीराची झुंज चाललेली असते, तेव्हा त्वचेला सूज येते आणि तिथे सुटणारी रसायनं बारीक नसांना चेतवतात. त्यातून खाज उठते. गरमीनं आणि घामानं ती भडकते, गारव्यानं दबते. घरगुती उपायांपैकी जे खरंच उपयोगी पडतात, ते याच एका गोष्टीवर उभे आहेत. पोरानं फोड ओरबाडला, की नखांतले आणि कातडीवरचे जंतू, स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस, आत शिरतात. फोड पिकतो, जखम खोल जाते आणि तिथे जन्मभराचा खड्डा राहतो. म्हणजे डाग टाळायचे असतील, तर आधी खाज उतरवायला हवी. दटावणी त्यासाठी पुरत नाही.

वाईला एका जुन्या वाड्यात मी गेले होते, ते घर मला अजून लख्ख आठवतं. चैत्रातली दुपार. उंबऱ्यावर कडुलिंबाचे डहाळे बांधलेले, खिडक्या बंद. आत पाच वर्षांची पोर, अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर, डोक्याला कानटोपी, वर गोधडी. पुरळ उठल्यापासून तिला पाणी लागलेलं नव्हतं. मानेवरचे फोड खाजवून फुटले होते आणि स्वेटरची कड त्यांना चिकटली होती. तिची आजी दारातच म्हणाली, “सिस्टरबाई, बाया आल्यात अंगावर. पाणी लागलं तर आत जातील. मग काय करायचं?”

त्या आजींची भीती पोकळ नव्हती. त्यांच्या लहानपणी देवीच्या रोगानं त्यांचा धाकटा भाऊ गेला होता. देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण 1975 सालचा, आणि जगातून तो रोग गेल्याचं 1980 साली जाहीर झालं. देवी टोचल्याचा गोल वण दंडावर असलेली माणसं आजही आपल्या घरांत आहेत. देवी आणि कांजिण्या हे वेगळे रोग, पण दोन्हींत अंगभर फोड येत. त्यामुळे देवीच्या धास्तीतून आलेले नियम घराघरांत कांजिण्यांनाही लागू झाले आणि देवी गेल्यावरही टिकून राहिले.

ते सगळे वाईट नव्हते, हे मी आवर्जून सांगते. आजाऱ्याला वेगळं निजवायचं, बाहेरच्यांना आत घ्यायचं नाही, हे आजचे डॉक्टरही सांगतात. पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत रोग दुसऱ्याला लागतो. घरात फोडणी द्यायची नाही, तळण काढायचं नाही, म्हणजे तोंडात फोड आलेल्या मुलाच्या वाट्याला तिखट येत नाही. पाल्याची कोवळी डहाळी अंगावरून हलके फिरवायची, हे तर मला फारच शहाणपणाचं वाटतं. पोराला थोडं बरं वाटतं आणि नखं लागत नाहीत. पण अंघोळ बंद करणं आणि गुंडाळून ठेवणं, या दोन गोष्टींनी खाज दुपटीनं वाढते.

मी म्हटलं, “आजी, दाराला बांधलाय तोच पाला आपण पाण्यात घालू. धुऊन, उकळून, गाळून घेऊ, कोमट झालं की तुम्हीच तुमच्या हातानं घाला.” त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग सुनेला म्हणाल्या, “चुलीवर पातेलं ठेव.” स्वेटरची चिकटलेली कड आम्ही कोमट पाण्यानं भिजवून सोडवली, ओढली नाही. आजींनी तांब्यातांब्यानं पाणी सोडलं. पोर आधी रडली, मग गप्प झाली, मग “अजून” म्हणाली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पाळीपाळीनं वारा घातला, तर ती तिथेच मांडीवर झोपली.

तेव्हापासून कांजिण्यांच्या घरी गेले की मी आधी अंघोळीचं विचारते.

पाणी कोमट हवं. मनगटाच्या आतल्या बाजूवर ओतून पाहावं; ना चटका बसावा, ना शहारा यावा. कढत पाण्यानं क्षणभर बरं वाटतं, पण थोड्या वेळानं खाज दामदुपटीनं परत येते. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा अंघोळ घातली तरी चालते. साबण लावायचाच असेल तर सौम्य, आणि हातानंच, वरच्यावर. घासणी नको, उटणं नको, दगड नको. पाण्यात वासाचं जंतुनाशक ओतायची सवय अनेक घरांत आहे. फुटलेल्या फोडांना ते झोंबतं आणि कातडी कोरडी पडून खाज वाढते. अंघोळ झाली की पुसायचं नाही, टिपायचं. पंचा अंगावर नुसता दाबून उचलायचा.

कडुलिंबाच्या पाण्याबद्दल मला नेहमी विचारतात. पाल्याच्या अर्कात जंतूंची वाढ रोखणारे गुण प्रयोगशाळेत दिसलेले आहेत. पण त्या पाण्यानं कांजिण्या लवकर बऱ्या होतात, असं मी सांगणार नाही. बरं वाटतं ते मुख्यतः कोमट पाण्यानं. घरच्या मोठ्या माणसांचा जीव त्यात असेल तर खुशाल घाला. पाला धुतलेला, पाणी उकळलेलं आणि गाळलेलं असू द्या. वाटलेला पाला फुटलेल्या फोडांवर थापू नका. आणि कडुलिंबाचं तेल मुलांना थेंबभरही पाजू नका. लहान मुलांना त्यानं उलट्या होऊन, गुंगी येऊन, झटके आल्याचे प्रसंग वैद्यकात नोंदलेले आहेत.

पाण्यात घालायला दोन वस्तू मला पसंत आहेत. एक खायचा सोडा. बादलीभर पाण्याला दोन मोठे चमचे पुरतात, चांगला विरघळू द्यावा. इथे एक धोका आहे. किराणा दुकानात नुसता ‘सोडा’ मागितला, तर कधी धुण्याचा सोडा पुडीत बांधून मिळतो. तोही पांढरा, तोही भुकटीसारखा, पण तो कपड्यांसाठी असतो आणि कातडीला जाळतो. बेकिंग पावडर हीही निराळी वस्तू. म्हणून ‘खायचा सोडा’ असं म्हणूनच मागा आणि छापील पाकीट घ्या. सोड्याचा लेप करून अंगाला फासू नका, आणि तान्ह्या बाळाच्या पाण्यात सोडा घालूच नका. त्याच्या नाजूक कातडीतून तो शरीरात उतरू शकतो.

दुसरी वस्तू ओट्स. पूर्वी आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हते, आता तालुक्याच्या गावीही मिळतात. साधे घ्यायचे, मसाला ओट्स नव्हेत, त्यांत मीठ-तिखट असतं. वाटीभर ओट्स मिक्सरच्या लहान भांड्यात पिठासारखे बारीक करायचे. त्यातलं चमचाभर पेलाभर पाण्यात टाकून ढवळायचं. पाणी दुधाळ झालं आणि बोटांना बुळबुळीत लागलं, तर दळण जमलं. सगळं तळाशी बसलं, तर पुन्हा फिरवायचं. हे पीठ सरळ बादलीत टाकलं तर मोरी तुंबते. मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधून ती पाण्यात भिजवायची, पिळत राहायची आणि तीच पुरचुंडी फोडांवर हलके टेकवत जायचं. आपल्याकडे अंघोळीचा टब नसतो, तरी बाळाच्या प्लास्टिकच्या टबात किंवा मोठ्या घमेल्यात पोर बसतंच. मात्र ओट्सनं फरशी निसरडी होते, म्हणून मुलाला धरून ठेवा. ओट्समधले घटक त्वचेवर पातळ साय धरतात आणि दाह कमी करतात. कोरड्या, खाजऱ्या त्वचेसाठी त्वचारोगतज्ज्ञही ओट्स सुचवतात.

अंघोळीनंतर कॅलामाइन. ते गुलाबी पाणी औषधाच्या दुकानात सहज मिळतं. त्यात जस्ताचा ऑक्साइड असतो, आणि लोहाच्या किंचित ऑक्साइडमुळे तो गुलाबी रंग येतो. बाटली चांगली हलवायची, कापसाच्या बोळ्यानं फोडाफोडावर टेकवायचं आणि वाळू द्यायचं. वाळताना गार लागतं, खाज काही वेळ दबते. पुढचा थर लावण्याआधी जुना धुऊन काढावा, नाहीतर पापुद्रे साचून तेच टोचायला लागतं. डोळ्यांजवळ आणि तोंडात लावायचं नाही. चार-पाच वर्षांचं मूल असेल, तर हे काम त्याच्याच हाती द्या. मी एका मुलाला आरशासमोर बसवून पोटावरचे फोड त्याचे त्यालाच रंगवायला दिले होते. पाठ त्याच्या बहिणीनं रंगवली. तिला कांजिण्या आधीच होऊन गेल्या होत्या. ज्या हातानं तो ओरबाडत होता, त्याच हाताला आता काम मिळालं होतं.

नखं पहिल्याच दिवशी काढा. नेलकटरनं कापून कानशीनं कड गुळगुळीत करा, दिवसातून दोन-चारदा हात धुवायला लावा. रात्री झोपेत हात जातोच, तेव्हा लहान मुलांच्या हातांना जुने सुती मोजे घालावेत. मोठ्या मुलाला सांगावं, की फार खाज आली तर तळहातानं थोपट, किंवा ओलं गार फडकं पाच-दहा मिनिटं ठेव. बर्फ थेट कातडीवर ठेवू नये. कपडे सैल, सुती आणि जुने. नवं कापड, नायलॉन, लोकर, झालरीचा फ्रॉक, काहीही नको. पंखा लावा. वारा लागून कांजिण्या आत जात नाहीत. घामानं मात्र नक्की पेटतात. डायपर घालत असाल तर शक्य तितका वेळ काढून ठेवा.

रात्र अवघड असते. दिवसा खेळात, टीव्हीत मन रमतं; अंधारात लक्ष सगळं अंगाकडे जातं, पांघरुणाची ऊब त्यात भर घालते. झोपण्याच्या बेतानं शेवटची अंघोळ ठेवा, चादर धुतलेली सुती घाला आणि कुणीतरी शेजारी बसून गोष्ट सांगा. तरीही मूल दोन रात्री झोपलं नाही, तर डॉक्टरांकडून खाजेचं औषध मागून घ्यायला संकोचू नका. मुलाच्या वयावर आणि वजनावर ते ठरतं. मोठ्यांच्या सर्दीच्या बाटलीतलं अंदाजानं चमचाभर देण्याचं धाडस कधीही करू नये.

तोंडात फोड आलेलं मूल जेवायला नकार देतं. मऊ गुरगुट्या भात, दहीभात, पेज, गार दूध, केळं चालतं. लोणचं, आंबट फळं, खारट वेफर बंद. लघवीच्या जागी फोड असतील तर मूल लघवी रोखून धरतं आणि आई घाबरते. लघवी करताना वरून कोमट पाण्याची धार सोडा, झोंबणं कमी होतं.

आता जे करू नये त्याबद्दल. शेणीची राख, हळदीचा थर, टूथपेस्ट, टाल्कम पावडर हे सगळं मी मुलांच्या अंगावर पाहिलं आहे आणि धुऊन काढलं आहे. ओल्या फोडावर भुकटीचा गोळा होतो, खाली घाण साचते. त्याहून घातक म्हणजे ‘खाजेचं मलम’. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय उचललेल्या अशा कितीतरी मलमांत स्टेरॉइड असतं. गजकर्णाला म्हणून घरात पडलेली ती नळी कांजिण्यांना लावू नका. स्टेरॉइडमुळे त्वचेची लढण्याची ताकदच कमी होते.

तापासाठी पॅरासिटामॉल, आणि तेच. एका वेळी किलोमागे 15 मिलिग्रॅमहून जास्त नको. दोन डोसांत किमान चार तास, आणि दिवसात चारांहून जास्त डोस नकोत. आपल्याकडे त्याच्या सिरपच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात. 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅमची आणि 250 मिलिग्रॅमचीही. 12 किलोच्या मुलाला पहिल्यातलं साडेसात मिलिलिटर बरोबर, पण दुसऱ्यातलं तेवढंच दिलं तर डोस दुपटीच्या वर जातो. लेबल वाचा. अ‍ॅस्पिरिन कांजिण्यांत मुलांना कधीच द्यायचं नाही. त्यातून यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा राय सिंड्रोम होऊ शकतो. आयब्युप्रोफेनही टाळा, कांजिण्यांत त्याचा संबंध त्वचेच्या खोल, गंभीर संसर्गाशी आढळला आहे.

घरच्या उपायांची हद्द कुठे संपते, तेही नीट ध्यानात ठेवा. एखाद्या फोडाभोवती लाली पसरत चालली, तिथे गरम लागतंय, दुखतंय; ताप चार दिवसांहून लांबला किंवा उतरून पुन्हा चढला; मूल फार पेंगतंय, चालताना झोकांड्या खातंय, मान ताठ झाली, धाप लागली, उलट्या थांबत नाहीत, बुबुळावर फोड दिसतो, यांपैकी काहीही झालं तर रात्र असली तरी निघा. नवजात बाळ, कर्करोगावर उपचार घेणारं किंवा स्टेरॉइडवर असलेलं मूल, बारा वर्षांपुढची मुलं आणि गरोदर बाई यांना कांजिण्या जड जातात. त्यांनी पहिला फोड दिसताच डॉक्टर गाठावा. विषाणूविरोधी गोळी पुरळ उठल्यापासून 24 तासांच्या आत सुरू झाली तरच तिचा नीट उपयोग होतो.

यातलं बरंचसं लसीनं टळतं. ती लस जपानी डॉक्टर मिचिआकी ताकाहाशी यांनी 1974 साली पुढे आणली. 1964 साली ते अमेरिकेत ह्यूस्टनला असताना त्यांच्या लहान मुलाला फार जोरात कांजिण्या झाल्या, अंगभर फोड, कडक ताप. आई-बाप रात्रभर उशाशी बसून होते. जपानला परतल्यावर त्यांनी ओका आडनावाच्या एका मुलाच्या फोडातला विषाणू घेऊन, तो पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केला. त्या वाणाला आजही ओका म्हणतात. आपल्या सरकारी मोफत लसीकरणात ही लस नाही, खाजगीत घ्यावी लागते. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स 15 महिन्यांना पहिला आणि 18-19 महिन्यांना दुसरा डोस सांगते. लस घेऊनही कधी कांजिण्या होतात, पण बहुधा पन्नासहून कमी फोड, ताप थोडा, खाजही थोडी. ज्यांना परवडेल त्यांनी ती टाळू नये, असं मला मनापासून वाटतं. आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्याही मुलांना ती मिळावी. घरात एकाला कांजिण्या झाल्या असतील आणि दुसऱ्या भावंडाला लस दिलेली नसेल, तर संपर्कापासून तीन ते पाच दिवसांत दिलेली लसही कामी येते, म्हणून त्याच दिवशी विचारा.

शेवटी खपल्यांचे दिवस येतात. खाज आता ओल्या फोडांची नसते, कोरड्या कातडीची असते, आणि मुलाला खपल्या उचकटायचा मोह होतो. आता खोबरेल तेल लावायला हरकत नाही. कोमट पाण्यानंतर बोटानं हलकं लावलं, की खपल्या मऊ होतात आणि आपोआप सुटतात. ओल्या फोडांवर मात्र तेल-तूप नको. मागे राहिलेले तपकिरी डाग काही महिन्यांत फिकट होतात, तोवर ऊन टाळावं. सगळ्या खपल्या धरल्या की मूल शाळेत जाऊ शकतं, त्या पूर्ण गळण्याची वाट पाहायला नको. पण पाठवण्याआधी वर्गशिक्षिकेला मूल आजारी पडल्याची तारीख जरूर कळवा. त्याच वर्गात एखादं मूल औषधोपचारावर असेल किंवा बाईच गरोदर असतील, तर त्यांना आपल्या डॉक्टरांकडे वेळेत जाता येतं.